बंदूक गेली, कॅमेरा आला
पूर्व आफ्रिकेतील सफारीच्या धंद्यातून आपल्या व्यापारी-कारागिरांनी काय घ्यावे?

'सफारी' हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीतला 'सफर' व्यापाऱ्यांच्या तोंडून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला, स्वाहिली भाषेत मिसळला आणि 'सफारी' झाला. तिथे आजही कोणताही प्रवास म्हणजे सफारीच. पुढे गोऱ्या शिकाऱ्यांनी हा शब्द उचलला आणि बंदूक घेऊन रानात जाणे, असा त्याला अर्थ चिकटला. आता बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. केनिया आणि टांझानियात दरवर्षी लाखो पाहुणे सिंह, हत्ती, जिराफ आणि रंगीबेरंगी पक्ष्यांचे फोटो काढायला येतात. त्यांच्यामागे वाहनचालकापासून लोहारापर्यंत आणि धोब्यापासून नकाशीकारापर्यंत हजारो घरांची चूल पेटते.

फोटोग्राफी हा श्रीमंतांचा शौक, त्याचे या पानावर काय काम, असे कोणी विचारील. चित्र आणि छायाचित्र यांच्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत हेही आम्हाला ठाऊक आहे. तो मसला त्यांनीच सांगावा. आम्ही येथे फक्त कारोबाराची बाजू मांडत आहोत. या धंद्यात माल विकला जातो आणि तरीही माल जागेवरच राहतो. असा धंदा कसा उभा राहिला आणि त्यात खरी कमाई कोणाच्या हाती लागते, हे प्रत्येक व्यापाऱ्याने आणि कारागिराने समजून घेण्यासारखे आहे.

मेलेला सिंह एकदाच विकला जातो

१८९६ मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून आत युगांडा रेल्वे टाकायला सुरुवात केली. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर आणि कारागीर नेले गेले. त्यांत पंजाबचे मुसलमान, शीख, गवंडी, लोहार, सुतार असे सर्व होते. १८९८ मध्ये साव्हो नदीवर पूल बांधला जात असताना दोन नरभक्षक सिंहांनी या मजुरांच्या तंबूंवर हल्ले केले. कितीतरी मजूर जिवाला मुकले, काम काही काळ बंद पडले. अखेर त्या वर्षाच्या डिसेंबरात पॅटरसन या इंग्रज इंजिनिअरने दोन्ही सिंह मारले.

आता हिशेब पाहा. त्या सिंहांची कातडी पॅटरसनने बरीच वर्षे घरात अंथरली आणि १९२४ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमला पाच हजार डॉलरला विकली. सौदा एकदा झाला आणि संपला. आज त्याच साव्होच्या रानात तांबड्या मातीने माखलेले हत्ती आणि विरळ आयाळीचे सिंह पाहायला जगभरचे लोक पैसे मोजतात. एका सिंहाचा फोटो सकाळी दहा गाड्यांतले पाहुणे काढतात, संध्याकाळी आणखी दहा गाड्या येतात, आणि सिंह आपला झाडाखाली झोपलेला असतो.

हा फरक लक्षात यायला त्या देशांनाही वेळ लागला. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्या मुलासह मोंबासाला उतरले. त्या सफरीत बाप-लेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली. पुढची साठ-पासष्ट वर्षे शिकारीचा धंदा जोरात चालला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासकांनी अंबोसेली या रानाचा हिशेब मांडला, तेव्हा एका सिंहामागे वर्षाला सुमारे २७ हजार डॉलर आणि हत्तींच्या एका कळपामागे सहा लाखांवर डॉलर पर्यटनातून येतात, असे आकडे निघाले. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि १९७८ मध्ये कातडी, शिंगे, दात यांच्या व्यापारालाही कुलूप लावले. त्या दिवशी अनेक दुकानदारांचा धंदा बसला हे खरे. ज्यांनी वेळीच दिशा बदलली ते मात्र तगले.

हस्तिदंताची कथाही तशीच. जुलै १९८९ मध्ये केनियाचे अध्यक्ष मोई यांनी नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळला. त्याच वर्षी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडेही आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या हस्तिदंतावर कोरीवकाम करणारे उस्ताद होते. त्यांतले काही चंदनाकडे, काही उंटाच्या हाडाकडे वळले. काहींचा हुनर त्यांच्याबरोबरच संपला. कच्चा माल कायमचा मिळेल या भरवशावर बसणाऱ्याचे काय होते, याचा हा धडा आहे.

पैसा कुठे मुरतो?

मसाई मारा हे केनियातले सर्वांत गाजलेले रान. २०२४ पासून परदेशी प्रौढ पाहुण्याला तिथे जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेश फी ठरली. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढेच चालते. जुलैनंतर दर दुप्पट, कारण त्याच दिवसांत टांझानियाच्या सेरेंगेटीतून लाखो विल्डबीस्ट आणि झेब्रे चाऱ्यासाठी उत्तरेला येतात आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. तो क्षण टिपायला फोटोग्राफर तासन्‌तास काठावर बसून राहतात.

ही फी नारोक जिल्ह्याच्या सरकारकडे जाते. राखीव रानाच्या भोवती मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. गेल्या वीस वर्षांत तिथे एक नवी रीत पडली. मसाई जमीनमालक एकत्र येऊन आपली जमीन तंबू-हॉटेलवाल्यांना भाड्याने देतात, गुरे ठरवून चारतात आणि दरमहा भाडे घेतात. ओलारे ओरोक येथे २००६ मध्ये, नैबोइशो येथे २०१० मध्ये अशी व्यवस्था सुरू झाली. एका जनावराजवळ किती गाड्या उभ्या राहाव्यात याचीही तिथे मर्यादा असते. गर्दी कमी, म्हणून फोटो चांगला. फोटो चांगला, म्हणून दर जास्त. कमी गिऱ्हाइकांतून जास्त कमाई करण्याची ही युक्ती आहे. २०२० मध्ये करोनामुळे विमाने थांबली तेव्हा या भाड्यावर जगणाऱ्यांना फार मोठा फटका बसला, हेही विसरून चालणार नाही. एकाच धंद्यावर सगळे घर उभे करू नये, हे मसाई गुराख्यालाही तेव्हा कळले. ज्याने गुरे राखली होती तो सावरला.

त्यानंतर येतात गाडी बांधणारे कारागीर. नैरोबी आणि अरुशा येथे टोयोटा लँड क्रूझर गाड्यांचे मागचे अंग कापून लांब करतात, टप वर उचलता येईल असे करतात, दोन्ही बाजूंना मोठ्या काचा, कॅमेरा टेकवायला रुंद कठडा, बॅटरी भरायला सॉकेट आणि धूळ आत येऊ नये म्हणून रबरी पट्ट्या बसवतात. पत्रेकाम, वेल्डिंग, गादीकाम, रंगकाम, वायरिंग हे सारे एकाच कारखान्यात चालते. गाडी जपानची, पण सफारीच्या कामाची ती या कारागिरांच्या हातानेच होते. आपल्याकडे ट्रकची बॉडी बांधणाऱ्या आणि बसच्या सीटा शिवणाऱ्या भावांना हे काम नवे वाटणार नाही.

ज्ञानाची मजुरी

या साऱ्या साखळीत एका माणसाला आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. तो म्हणजे गाडी चालवणारा वाटाड्या. दहा लाखांची लेन्स गळ्यात घालून आलेला पाहुणा त्याच्याशिवाय आंधळा असतो. जिराफ एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर तिकडे सिंह असण्याचा संभव, गिधाडे भराभर खाली उतरत असतील तर तिथे शिकार पडलेली, हरणांनी अचानक चरणे थांबवले तर जवळ बिबट्या, हे त्याला पुस्तकाविना ठाऊक असते. फोटोसाठी सूर्य कोणाच्या पाठीशी असावा, जनावर कुठल्या वाटेने पाण्यावर येईल आणि गाडी कुठे आधीच लावून ठेवावी, हे तोच ठरवतो.

पक्ष्यांचे काम तर आणखी अवघड. केनियात पक्ष्यांच्या हजाराहून जास्त जाती आहेत. आपल्याकडच्या नीलकंठाचा भाऊबंद असलेला जांभळ्या छातीचा नीलकंठ तिथे काटेरी झुडपाच्या टोकावर बसतो. तो उडताना टिपायचा तर सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्श्याएवढा वेगवान झडपेचा वेग लागतो. पण नुसत्या वेगाने भागत नाही. पक्षी बहुधा वाऱ्याच्या तोंडाला उडतो आणि उडण्याआधी शरीर किंचित झुकवतो. ज्याने हे पाहून ठेवले आहे तो बोट तयार ठेवतो. ज्याने नाही पाहिले त्याच्या हाती रिकामी फांदी लागते. आपल्या सुगरणीसारखी लोंबती घरटी विणणारे पक्षीही तिथे पुष्कळ आहेत. नर घरटे विणतो, मादी ते तपासते आणि काम पसंत नसेल तर सरळ निघून जाते. गिऱ्हाईक आणि कारागिराचे हे नाते आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

केनियात सफारी वाटाड्यांची संघटना परीक्षा घेते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे तीन दर्जे देते. पक्षी, प्राणी, झाडे, प्रथमोपचार, कायदा हे सारे विषय त्यात असतात. गोल्डपर्यंत फार थोडे पोहोचतात आणि त्यांना मागणीही तशीच असते. गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, रान वाचता येणारे थोडे. म्हणून रोजगार गाडीचा मिळतो, पण मान आणि बक्षिशी ज्ञानाची मिळते.

ज्ञान जुने झाले तरी घात होतो. नाकुरू सरोवर एकेकाळी लाखो रोहित पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध होते. हे पक्षी खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर जगतात. गेल्या दशकात पावसाने सरोवराची पातळी वाढली, पाणी पातळ झाले आणि बहुतेक रोहित बोगोरिया व इतर सरोवरांकडे गेले. जुनी चित्रे दाखवून नाकुरूची सहल विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या शिव्याच मिळतात. याच जातीचे रोहित आपल्या ठाण्याच्या खाडीत आणि शिवडीच्या चिखलात हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत हजारोंनी उतरतात. ज्याला हा हुनर शिकायचा आहे त्याने आधी तिथे सहा महिने सराव करावा. त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.

मोहम्मद अमीन यांची तिजारत

या क्षेत्रात आपल्यातला एक माणूस फार मोठा होऊन गेला. मोहम्मद अमीन यांचा जन्म १९४३ मध्ये नैरोबीत, पंजाबी मुस्लिम कुटुंबात झाला. शाळेत असतानाच त्यांनी एक जुना पेटी कॅमेरा मिळवला. १९६३ मध्ये, विशी गाठण्याच्या सुमारास, त्यांनी दार-ए-सलाम येथे 'कॅमेरापिक्स' ही कंपनी काढली. पुढे तिचे बस्तान नैरोबीत बसले. १९८४ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळाची त्यांनी टिपलेली दृश्ये जगभर दाखवली गेली आणि भुकेल्यांसाठी मदतीचा ओघ सुरू झाला. १९९१ मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या स्फोटात त्यांचा डावा हात गेला, तरी काम थांबले नाही. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियन विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात कोसळले, त्यात त्यांचा इंतकाल झाला.

त्यांची बातमीदारी सर्वांना माहीत आहे. आम्हाला त्यांच्या धंद्याची पद्धत सांगायची आहे. त्यांनी काढलेला प्रत्येक फोटो नोंद करून, नाव-गाव-तारीख घालून जपून ठेवला. त्या साठ्यातून केनिया, टांझानिया, तिथले प्राणी, तिथल्या जमाती यांच्यावर एकामागून एक पुस्तके आणि प्रवाशांसाठी मार्गदर्शिका निघाल्या. हजवरील त्यांचे छायाचित्रांचे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. फोटो विकून टाकायचा नाही, त्याचा वापर विकायचा, असा हा हिशेब. तोच हत्ती पुस्तकात, कॅलेंडरवर, विमान कंपनीच्या मासिकात, असा अनेकदा कमाई करून देतो. आज त्यांचे पुत्र ती कंपनी चालवतात आणि तो साठा ही तिची दौलत आहे. आपल्यातले किती कारागीर आपल्या नक्षीचे नमुने असे नोंदवून ठेवतात?

फोटो विकून पोट भरते का?

आजच्या तरुणाला खरे तेच सांगितले पाहिजे. रोल भरून छत्तीस फोटो काढण्याचे दिवस होते तेव्हा चांगल्या फोटोला किंमत होती. आता कोणीही दिवसाला तीन हजार फोटो काढतो. त्यामुळे नुसता सिंहाचा फोटो विकून घर चालणे कठीण आहे. ज्यांचे चालते ते तीन मार्गांनी कमावतात. एक, नवशिक्यांना बरोबर घेऊन सहली काढणे आणि शिकवणे. मुंबई-पुण्याहून जुलै ते सप्टेंबरात अशा तुकड्या जातात. दोन, एकाच विषयात, उदाहरणार्थ फक्त शिकारी पक्ष्यांत, नाव मिळवणे. तीन, चांगल्या कागदावर मोठे फोटो छापून, चौकट करून कचेऱ्या आणि हॉटेलांना देणे.

या धंद्यातही खोटा माल आहे. नैवाशा सरोवरावर नावाडी मासा फेकतो आणि गरुड झेप घेतो. फोटो झकास येतो, पण तो आपोआप घडला असे सांगणे म्हणजे वजनात काटा मारणे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चा पहिला नंबर मिळवणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पुढच्या वर्षी बाद करण्यात आले, कारण तो लांडगा पाळीव असावा असे परीक्षकांचे मत झाले. नाव मिळायला अनेक वर्षे लागतात, जायला एक दिवस पुरतो.

आमच्या छापखानेवाल्या आणि कॅलेंडरवाल्या भावांसाठीही दोन शब्द. इंटरनेटवरून पक्ष्याचा सुंदर फोटो उचलायचा आणि दुकानाच्या कॅलेंडरवर छापायचा, हे सर्रास चालते. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्रावरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि परदेशी फोटोग्राफरलाही त्याचे संरक्षण मिळते. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी दुसऱ्याच्या मेहनतीचा माल विनापरवानगी वापरणे अमानतदारीत बसत नाही. फोटोग्राफरला पत्र लिहा, मोबदला ठरवा. पुष्कळदा तो माफक असतो.

आपल्या कारागिराला जागा कुठे?

गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला फोटोग्राफर जाड कापडाची थैली वापरतात. ती रिकामी नेतात आणि तिथे पोहोचल्यावर तांदूळ किंवा वाटाणे भरतात. दुहेरी शिवण, मजबूत चेन, खाली न घसरणारे कापड, एवढेच तिचे रहस्य. आपल्या कोणत्याही बॅग शिवणाऱ्या कारागिराला ती जमेल. रानात जाणाऱ्या लहान विमानांत सहसा १५ किलोच वजन आणि तेही मऊ बॅगेत चालते, म्हणून कॅनव्हासच्या हलक्या बॅगांना मागणी असते. केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातल्याने कापडी पिशव्यांनाही जागा झाली. धुळीपासून कॅमेरा झाकणारी कव्हरे, चौकटी, छपाई, लेन्स भाड्याने देणे ही सर्व कामे इथे बसून होणारी आहेत.

तिथल्या कारागिरांकडून शिकण्यासारखेही आहे. अकांबा जमातीचे लाकडावर कोरीवकाम करणारे मोंबासात सहकारी संस्था करून माल विकतात. दार-ए-सलामचे एडवर्ड सईद टिंगाटिंगा सायकलच्या रंगाने हार्डबोर्डावर प्राणी-पक्षी रंगवीत. १९७२ मध्ये ते गेले, पण त्यांच्या नावाची शैली आजही कित्येक चित्रकारांचे पोट भरते. एकट्याचा हुनर जमातीचा झाला की असा टिकतो.

जाणाऱ्यांसाठी

सहलीचा धंदा करणाऱ्यांनी आणि जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केनियातून परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो; तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो, नाहीतर विमानतळावरून सरळ विलगीकरणात जावे लागते. महागडा कॅमेरा नेताना निघतेवेळी कस्टमकडून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना जकातीचा वाद होत नाही. ड्रोन नेऊ नये. केनियाच्या उद्यानांत परवान्याशिवाय त्याला बंदी आहे. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. वेळ ठरवताना हे विचारून घ्यावे, नाहीतर गाडी निघून गेलेली असेल.

विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास उगवतो आणि साडेसहाच्या आसपासच मावळतो. फजर अदा करून निघावे. फोटोसाठी उत्तम उजेड पहिल्या दोन-अडीच तासांचा. दुपारी ऊन करडे होते, पाहुणे तंबूत परततात, तेव्हा जोहर आरामात होते. असरच्या वेळी गाडी रानात असते आणि वाटेल तिथे खाली उतरायला मनाई असते. म्हणून उतरण्याची परवानगी असलेली जागा वाटाड्याशी आधी ठरवून घ्यावी. हलाल जेवणाची विचारणा बुकिंगच्या वेळीच लेखी करावी.

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, सिंह मारणाऱ्याला पाच हजार डॉलर मिळाले आणि सिंह राखणाऱ्यांची नातवंडे आजही त्याच्यावर कमावतात. तुमचा नमुना, तुमचे गिऱ्हाईक, तुमच्या हाताखालचा शागीर्द ही तुमची जिवंत पुंजी आहे. तिला एका मोसमात कापून खायचे की वर्षानुवर्षे राखून तिच्या दुधावर जगायचे, याचा फैसला प्रत्येकाने आपल्या दुकानात बसून करावा. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.